'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड': १६ वर्षांनी आलेला अल्बम आणि यंदाची भाऊबीज

उत्तररात्र | ५ नोव्हेंबर २०२४, रात्री १२:२०

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले, कारण ज्याच्याशी हे बोलले असते तो माणूस आता नाही, आणि नवऱ्याला रॉक म्हणजे वरच्या मजल्यावर चाललेलं टाइल्सचं काम वाटतं.

'द क्युअर' या बँडचा नवा अल्बम आलाय. ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडमधल्या क्रॉली गावच्या पोरांचा बँड, १९७८ पासूनचा. माणसं आली, गेली, भांडून परत आली. पहिल्यापासून टिकून राहिलेला एकच, रॉबर्ट स्मिथ. पाखरांनी घरटं केल्यासारखे केस, डोळ्यांत काजळ, ओठांबाहेर गेलेली लिपस्टिक. 'फ्रायडे आय ॲम इन लव्ह' तुम्ही नक्की ऐकलं असेल. पण तेवढ्यावरून क्युअर कळला म्हणणं म्हणजे श्रीखंड खाऊन महाराष्ट्राचा स्वयंपाक कळला म्हणण्यासारखं. त्यांचं खरं घर 'डिसइंटिग्रेशन'मध्ये (१९८९) आहे. तिथे दिवे कमी असतात.

यांचा याआधीचा स्टुडिओ अल्बम २००८ चा. नवा आला १ नोव्हेंबरला. आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं, त्यामुळे मी पहिल्यांदा ऐकला तो चकल्यांचे डबे भरताना, एका कानात इअरफोन घालून. असा ऐकायचा अल्बम नाही हा. ८ गाणी, ४९ मिनिटं, आणि एकही गाणं तुमच्याकडे धावत येत नाही. पहिलं 'अलोन' सुरू होतं आणि तीन मिनिटं उलटून गेली तरी माणूस गात नाही. नुसते ड्रम्स, गिटार, कीबोर्डचा धुक्यासारखा थर. मला वाटलं फोन बिघडला, की गाण्याशिवायची आवृत्ती लागली. मग आवाज आला आणि हातातली चकली मोडली. ६५ वर्षांच्या माणसाचा आवाज इतका पंचविशीतला कसा राहू शकतो?

मधल्या काळात स्मिथचे आई, वडील आणि मोठा भाऊ रिचर्ड, तिघं गेले. भावासाठी लिहिलेलं 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' सहाव्या क्रमांकावर आहे. सुरुवातीला ढगांचा गडगडाट, मग पियानोवर चार-पाच सूर, तेच ते, तेच ते. या गाण्याचे म्हणे त्याने पुष्कळ खर्डे केले आणि शेवटी भाऊ गेला त्या रात्री काय घडलं तेवढंच ठेवलं. मॅकबेथमधल्या चेटकिणीची एक ओळ येते, ती सोडली तर अलंकार नाही, तत्त्वज्ञान नाही. गाण्यात नोव्हेंबरचा चंद्र आहे.

माझा दादा गेल्या वर्षी जुलैत गेला. वर्षभर सण नव्हते, म्हणून यंदाची ही त्याच्याशिवायची पहिली भाऊबीज. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात हे लहानपणापासून ऐकलं होतं, शेजारच्या काकूंना करताना पाहिलंही होतं. तेव्हा मला त्यांची कीव यायची, दादा मागून वेण्या ओढायचा.

रविवारी संध्याकाळी ताम्हण घेऊन गच्चीवर गेले. बीजेची कोर ती, दिवस मावळल्यावर जेमतेम तासभर असते, आणि आमच्या नौपाड्यात पश्चिमेला आता टॉवरच टॉवर. दोन इमारतींच्या फटीत दिसली एकदाची. ओवाळलं. खाली आले आणि अल्बम पुन्हा लावला, या वेळी दार लावून.

एवढंच लिहायचं होतं. कोणी ऐकलाय का? काय वाटलं?

---

खाडीपलीकडचा | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

ताई, मी ऐरोलीचा. काल हाच अल्बम ठाणे-पनवेल लोकलमध्ये ऐकला. ठाण्याला पहिलं गाणं लावलं आणि पनवेल येता येता शेवटचं संपलं. मला नेरूळला उतरायचं होतं. उतरलोच नाही.

---

टवाळ | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

२०१९ पासून 'येतोय येतोय' चाललं होतं या अल्बमचं. मला वाटलं होतं घोडबंदरची मेट्रो आधी येईल. हरलो पैज.

(उत्तररात्र, धागा वाचून गप्प झालो होतो. पण आयडीला जागायला हवं.)

---

बेसवाला | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

ठाण्यात आमचा चौघांचा बँड आहे, नाव सांगण्याइतका मोठा नाही. जॅमरूमचं भाडं चौघांत वाटून शनिवारी तीन तास वाजवतो. त्या अधिकारात चार शब्द.

क्युअरच्या सायमन गॅलपचा बेस (खालच्या सुरांची गिटार) ऐका. 'अ फ्रॅजाइल थिंग'मध्ये बेस काढून घेतला तर गाणं खाली बसेल. क्युअरमध्ये बेस हा पाया नसतो, तो दुसरा गायक असतो. याच गॅलपने २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँड सोडल्याचं फेसबुकवर जाहीर केलं होतं आणि ऑक्टोबरपर्यंत परतही आला होता. म्हणजे हा अल्बम घरातल्या मरणांबरोबर घरातल्या भांडणांतूनही आलाय.

एक तक्रार. मिक्स फार दाट आहे. 'वॉरसाँग'मध्ये गिटार, कीबोर्ड, ड्रम्स सगळे एकाच दारातून आत घुसू बघतात, सकाळच्या ८:३३ च्या लोकलमध्ये घुसतात तसे. साध्या इअरफोनवर नुसता चिखल ऐकू येतो. बरे हेडफोन असतील तर ते लावा, आवाज थोडा कमी ठेवा.

---

रोखठोक | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

भावना दुखावण्याचा हेतू नाही, पण कोणीतरी म्हणायला हवं. हे दुःख विकणं नाही का? भाऊ गेला, गाणं करा. आई गेली, अल्बम करा. मग त्याची काळी व्हिनाइल, पांढरी व्हिनाइल, कॅसेट, सगळं विका. पाश्चात्त्य रॉकमध्ये हा धंदाच आहे, कलाकार उद्ध्वस्त झाला की कंपनी खूश. आणि पासष्टीचा माणूस काजळ लावून रडतो हे मला तरी पाहवत नाही.

---

मंद्रसप्तक | ५ नोव्हेंबर, दुपारी १:०५

@रोखठोक, काजळाचं म्हणाल तर दशावतारात रंग फासलेला माणूस पहाटे तीनला रडतो तेव्हा आमच्या गावात सगळं देऊळ रडतं. रंग लावला की रडं खोटं होतं हे कोणी सांगितलं?

माझं रॉकशी काही नातं नाही. मी राम मराठे महोत्सवाला दरवर्षी पहिल्या पाचात जागा पकडणारा माणूस. हा धागा वाचून कुतूहलाने 'अलोन' लावलं. तीन मिनिटं शब्द नाहीत याचं इथे नवल वाटतंय, ते मला वाटलं नाही. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला सवय असते. आधी जागा झाडून घ्यायची, षड्ज नीट लावायचा, ऐकणाऱ्याच्या मनातली बाजारातली बडबड थांबू द्यायची, मग बंदिशीचा मुखडा. स्मिथ नेमकं तेच करतो. शेवटचं 'एंडसाँग' तर दहा मिनिटांच्या वर आहे आणि त्यात सहा मिनिटांनंतर गाणं सुरू होतं. तोवर ड्रम्सवाला एकच ठेका धरून बसलाय, आमच्या ठेका धरणाऱ्या तबलजीसारखा. मध्येच करामत दाखवत नाही. फार कठीण असतं ते.

---

घणसोलीची_सून | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

मला इंग्रजी गाण्यांचे शब्द कळत नाहीत फारसे. पण उत्तररात्र, तुमचं गच्चीचं वाचून आजीची आठवण आली. आमची आजी जात्यावर ओव्या म्हणायची. त्या ओव्यांत नवरा क्वचित, सासू तर तोंडी लावण्यापुरती, भाऊ मात्र उठता बसता. भाऊराया घोड्यावरून येतोय, भावाचं शेत पिकलंय, भाऊ दारी आला. आजीचा खरा भाऊ तरणाताठा गेलेला. तरी ओवीत तो दर दिवाळीला यायचाच. ती रडत नसे. दळत असे.

@रोखठोक, तिने काय विकलं?

---

रोखठोक | ५ नोव्हेंबर, दुपारी ४:००

आजींना नमस्कार. पण आजींनी तिकीट लावलं नव्हतं, हाच माझा मुद्दा.

---

कासारवडवली_७ | ५ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

तिकिटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. याच स्मिथने २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात तिकिटं स्वस्त ठेवली होती. तिकीट विकणाऱ्या कंपनीने वर इतकी फी लावली की काही जणांना फी तिकिटाच्या किमतीएवढी पडली. हा पठ्ठ्या ट्विटरवर सगळी मोठी अक्षरं वापरून भांडला (तो नेहमी तसंच लिहितो) आणि कंपनीला तिकिटामागे ५ ते १० डॉलर परत करायला लावले. दुःखाचा धंदा करणारा माणूस असं करत नाही बहुतेक.

आणि इकडे आपण. जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्ले येतोय, त्याच्या तिकिटाच्या रांगेत माझा नंबर काही लाखांनंतर होता. नेरूळ माझ्या घरापासून पाऊण तास. रांग मात्र लंडनपर्यंत.

---

टवाळ | ५ नोव्हेंबर, दुपारी ४:५२

कोल्डप्लेच्या तिकिटाच्या दुःखावर आता एक अल्बम होऊन जाऊ दे. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

संपादक | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

कोल्डप्लेसाठी वेगळा धागा आहे, तिथे १४३ प्रतिसादांचा काश्मीर (न संपणारं भांडण) झालेला आहेच. इथे अल्बमवर बोला.

---

जुनी_कॅसेट | ५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

शुक्रवारी रात्री लंडनच्या ट्रॉक्सी थिएटरमधून त्यांनी या अल्बमचा कार्यक्रम यूट्यूबवर थेट दाखवला. आपल्याकडे उत्तररात्र. खाली रस्त्यावर सुतळी बॉम्ब, वर मी बायकोला त्रास नको म्हणून बाल्कनीत टॅब घेऊन. आधी नवा अल्बम सगळाच्या सगळा, क्रमाने. मग जुनी गाणी, जवळजवळ तीन तास. 'एंडसाँग' वाजवताना हे सगळे अगदी थोडे हलतात. स्मिथच्या जवळ जायला कॅमेऱ्यालाही संकोच वाटतोय असं वाटलं.

'एंडसाँग'ची गोष्ट कुणी लिहिली नाही. १९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला तेव्हा स्मिथ दहा वर्षांचा होता, वडिलांबरोबर बाहेर उभं राहून चंद्राकडे बघत होता. पन्नास वर्षांनी पुन्हा तसाच उभा राहिला आणि त्यातून हे गाणं निघालं. वडील नाहीत, तो मुलगा नाही, चंद्र आहे तिथेच आहे. उत्तररात्र, तुम्ही ताम्हण घेऊन गच्चीवर गेलात तेव्हा हे माहीत होतं का?

---

उत्तररात्र | ५ नोव्हेंबर, रात्री ११:५०

@जुनी_कॅसेट, नव्हतं माहीत. आत्ता वाचलं. थोडा वेळ लागला उत्तर द्यायला.

सगळ्यांचे आभार, रोखठोक यांचेसुद्धा. त्यांचा प्रश्न मला वावगा वाटत नाही. दुःखातून निघालेलं सगळं चांगलंच असतं असं थोडंच आहे, श्रद्धांजलीच्या बॅनरवरच्या कविता आपण रोज बघतो. पण हे गाणं आधी बाजारात नाही आलं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये क्राकोला त्याने ते पहिल्यांदा लोकांसमोर गायलं आणि पुढे दौऱ्यात गात राहिला. रेकॉर्ड आली दोन वर्षांनी. मला त्या दोन वर्षांचंच जास्त वाटतं. दिवसकार्य झाल्यावर लोक जेवून जातात, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला विचारतो की एक लिटर की अर्धा, तिथून पुढचा काळ. त्याच्यावर कोणी काही गात नाही. या अल्बममध्ये तो काळ आहे. आक्रोश नाही. नुसतं थांबून राहणं आहे, आणि शब्द उशिरा येतात.

क्राकोचं मला कसं माहीत, तेही सांगते. पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम टाळलं होतं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. १९९२ मध्ये क्युअरचा 'विश' आला तेव्हा मी चौदाची. चाळीतली दोन खोल्यांची जागा, केबलवर एमटीव्ही नुकतं दिसायला लागलेलं. दादाने काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये तासभर उभं राहून कॅसेट घेतली आणि मला मित्राच्या डेकवर टीडीकेच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिली. बाजूला त्याच्या गिचमिड अक्षरात गाण्यांची नावं. आई म्हणायची, या पोराला कोणी जेवायला घाला रे, किती कळवळून ओरडतोय. दादा पुढे कोपरखैरण्याला गेला, बेलापूर रोडवरच्या कंपनीत शिफ्टची नोकरी, संसार. क्युअर ऐकणं मात्र सुटलं नाही. 'येणार बघ अल्बम' हे २०१९ पासून दर राखीला.

क्राकोच्या त्या कार्यक्रमाचं कुणीतरी मोबाइलवर काढलेलं चित्रण त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. खाली लिहिलेलं, 'हे ऐक. भावासाठी आहे.' मी अंगठा पाठवला. ऐकलं नाही. मार्चएंडचं नव्हतं, दिवाळीचं नव्हतं, काही कारण नव्हतं. ऐकेन म्हटलं.

रविवारी गच्चीवरून खाली आल्यावर आधी ती लिंक उघडली. मग अल्बम.

---

घणसोलीची_सून | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी काही लिहू शकत नाही. फक्त वाचलं एवढं कळवते.

---

खाडीपलीकडचा | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:००

दुसरं गाणं ऐकलंत ना, 'अँड नथिंग इज फॉरेव्हर'? कुणा आजारी माणसाला स्मिथने शब्द दिला होता की शेवटच्या वेळी मी जवळ असेन, आणि त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने जमलं नाही. त्यातून ते आलंय. ऐकायला अल्बममधलं सगळ्यात उजेडाचं गाणं तेच आहे, व्हायोलिनसारख्या कीबोर्डने तर एखाद्या लग्नात वाजवावं. शब्द मात्र तसे नाहीत.

---

उत्तररात्र | ६ नोव्हेंबर, दुपारी २:१०

@खाडीपलीकडचा, ऐकलं. तुम्ही ऐरोलीचे, तुम्हाला सांगायला नको. जुलैतली रात्र, विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं, रिक्षावाला कळव्यातून मागे फिरला. लोकल बंद. मग मुलुंडवरून ऐरोलीच्या पुलाने फिरून गेलो. वहिनीचा फोन पुलावर असतानाच आला.

त्या गाण्याबद्दल यापेक्षा जास्त नाही लिहीत.

---

रोखठोक | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

काल रात्री पूर्ण ऐकला. दोनदा. पहिल्या प्रतिसादाचा सूर चुकला, त्याबद्दल उत्तररात्र यांची क्षमा मागतो. मताबद्दल नाही. मला अजूनही हा अल्बम एकाच रंगाचा वाटतो. 'ड्रोन:नोड्रोन' तर इथे का आहे तेच कळलं नाही. कुणाचा तरी कॅमेऱ्याचा ड्रोन त्याच्या घरावरून गेला म्हणून चिडून लिहिलंय म्हणे. सहावं गाणं लागायच्या आधी हे? सुतकात डीजे.

सहावं मात्र... असो. मला तीन भाऊ आहेत. एकाशी सहा वर्षं बोलणं नाही, जागेवरून.

---

बेसवाला | ६ नोव्हेंबर, रात्री ८:२०

@रोखठोक, ड्रोनचं गाणं तिथेच हवं. चार संथ गाण्यांनंतर एकदम सहाव्यावर गेलात तर कान थकलेले असतात. ते मध्ये येऊन दार आपटतं, आणि मग ढगांचा आवाज ऐकू येतो. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असताना आपण दूधवाल्यावर, लिफ्टवर, पार्किंगवर चिडतोच की.

ताई, ती टीडीकेची कॅसेट अजून आहे का तुमच्याकडे?

---

उत्तररात्र | ६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

कॅसेट आहे. प्लेअर आहे तोही त्याचाच, पण बेल्ट तुटलाय. स्टेशनजवळच्या दोन दुकानांत विचारलं, एकाने हसून सोडून दिलं, दुसरा म्हणाला ब्लूटूथ स्पीकर घ्या.

---

बेसवाला | ६ नोव्हेंबर, रात्री १०:५५

बेल्ट माझ्याकडे वेगवेगळ्या मापांचे पडून आहेत, जुने डेक दुरुस्त करायची खोड आहे. रविवारी ११ वाजता तलावपाळीला येता का, प्लेअर घेऊन? जमलं तर तिथेच बसवतो. कॅसेट इतकी वर्षं तशीच असेल तर लगेच लावू नका, टेप आतल्या आत चिकटते. आधी एकदा हाताने पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या.

---

जुनी_कॅसेट | ६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मी पण येतो. मला फक्त अक्षर बघायचं आहे.

---

उत्तररात्र | ६ नोव्हेंबर, रात्री ११:३०

येते. कॅसेट फिरवायला घेतलीय, बॉलपेन सटकतंय सारखं.

---

टवाळ | ६ नोव्हेंबर, रात्री ११:३४

पेन नाही हो चालत. षटकोनी पेन्सिल घ्या. नटराज.